सावकाश दाजींची घाई

आमच्या दाजींना पाठीमागे सगळे 'सावकाश' म्हणत. तोंडावर म्हणायलाही कुणी घाबरत नसे, कारण दाजींना राग येईपर्यंत म्हणणारा घरी पोचून, जेवून, झोपलेला असे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. लाकडाला पॉलिश करणं हा त्यांचा धंदा. काचकागदाने घासायचं, पुसायचं, पॉलिशचा एक हात द्यायचा आणि तो वाळेपर्यंत गप्प बसायचं. मग दुसरा हात, आणि पुन्हा गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं दाजींइतकं मन लावून करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

मी दाजींच्याच गल्लीच्या तोंडाशी हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि जन्माचा उतावळा आहे. बाटलीचं बूच निघालं नाही तर मी बाटली फोडतो. त्यामुळे दाजींच्या खोलीत पाच मिनिटं उभं राहणं म्हणजे मला शिक्षाच असे. खोलीत पंखा होता, पण तो लावायचा नाही, धूळ उडून ओल्या पॉलिशवर बसते म्हणून. खिडकी अर्धी उघडी ठेवायची. बोलायचं ते दाराबाहेर. एकदा एका कपाटाच्या दारावर चिलट येऊन चिकटलं. दाजींनी ते ब्रशच्या एका केसाने अलगद उचललं, उरलेला डाग बराच वेळ पाहिला आणि सगळं दार पुन्हा घासायला घेतलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. ते कळवळून म्हणालं, "अहो, एवढंसं तर आहे!" दाजी म्हणाले, "हो, एवढंसंच आहे," आणि घासत राहिले. पण काम असं की त्या दारात बघून माणसाने भांग पाडावा. लोक शिव्या देत देत पुन्हा त्यांच्याकडेच येत.

घरी मात्र ताई पडली माझी सख्खी बहीण. तिने सकाळी विचारावं, "अहो, भाजी कुठली करू?" आणि रात्री जेवून हात पुसताना दाजींनी म्हणावं, "बटाटा चालला असता." ताईचं डोकं तिथेच फिरायचं. "या माणसाबरोबर मी संसार करत नाहीये, मी नुसती रांगेत उभी आहे," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिच्या सगळ्या तक्रारींचा राजा होता एक टेबल. लग्नानंतर वर्षभरातच दाजींनी जुन्या बाजारातून एक सागवानी टेबल आणलं होतं, जेवायला म्हणून. आधीच्या मालकाने त्यावर कसलंसं यंत्र बसवलेलं असावं, कारण वरच्या फळीला स्क्रूंची भोकं होती. "ती बुजवून झकास पॉलिश करतो," दाजी म्हणाले. तेव्हापासून ते टेबल मागच्या व्हरांड्यात पाय वर करून पडलेलं. मुलगी जन्मली, शिकली, लग्न होऊन सासरी गेली, आणि ही मंडळी अजून स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून जेवत होती.

मग गेल्या उन्हाळ्याच्या आधी दाजी बदलले.

आधी ते पहाटे उठायला लागले. उठून गळका नळ दुरुस्त केला. मग कुरकुरणारं दार. मग जे दार कुरकुरत नव्हतं तेही. भाजी कुठली करू विचारलं की प्रश्न संपायच्या आत उत्तर यायला लागलं, कधीकधी तर भाजीच यायची. जेवण दुप्पट झालं, आणि तरी माणूस बारीक होत चालला. एक दिवस पट्ट्याला नवीन भोक पाडायला माझ्या दुकानात आले, थोड्याच दिवसांनी पुन्हा आले. त्यांना सतत उकडायचं. ताई शाल पांघरून बसलेली असायची आणि हे तिन्ही खिडक्या उघडून बनियनवर.

शेजारीण ताईला हळूच म्हणाली, "बघा हं, या वयात पुरुष एकदम बारीक झाला, उत्साह आला, तर दुसरी कुणीतरी असते."

"असू दे," ताई म्हणाली. "हे तिच्यापर्यंत पोचेतो ती म्हातारी होईल."

पण मनातून ताई हरखली होती. तिचा चेहरा बदलला. जिन्यात, दुकानात, पाण्याच्या टाकीपाशी, भेटेल त्याला सांगत सुटली, "आमच्या ह्यांच्यात वीज आली आहे, वीज! आता कुठे संसार सुरू झाल्यासारखा वाटतोय." हे वाक्य ती खिडकीत उभी राहून शेजारणीला सांगत होती तेव्हा आत नळाला फडकं गुंडाळत असलेले दाजी हातचं काम सोडून ऐकत होते. मी तिथेच बसलो होतो. एवढा खूश झालेला माणूस मी लग्नाच्या मांडवातही पाहिला नव्हता.

मीही खूशच होतो, लपवत नाही. ते पॉलिशचे डबे उचलायला लागले होते आणि माझा माल खपत होता. एवढं पॉलिश जातंय कुठे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण घाईतल्या गिऱ्हाइकाला प्रश्न विचारू नये हे मी दुकानदारीच्या पहिल्या दिवशीच शिकलो होतो.

जात होतं ते वाचनालयाच्या सभागृहाच्या खुर्च्यांवर. हे काम पूर्वीच्या दाजींना अख्खा हंगाम पुरलं असतं. नव्या दाजींनी पहिला हात ओला असतानाच दुसरा दिला आणि दुसरा ओला असताना तिसरा, वर पंखा लावून. एका खुर्चीच्या हातावर माशी बसली होती, ती तशीच पॉलिशखाली जतन झाली. खुर्च्या इतक्या झटपट पोचल्या की वाचनालयाच्या अध्यक्षांनी दाजींना मुद्दाम कार्यक्रमाला बोलावलं. कार्यक्रम होता एका डॉक्टरबाईंच्या व्याख्यानाचा. विषय, आपल्या शरीरातल्या ग्रंथी.

उकाडा मरणाचा. अध्यक्षांनी बाईंची ओळख करून द्यायला सुरुवात केली आणि ती संपेचना. त्यांनी बाईंचं शिक्षण सांगितलं, मग स्वतःचं सांगितलं, मग वाचनालयाच्या इमारतीला गळती कशी लागली ते सांगितलं. तोवर सगळे जण आपापल्या खुर्चीत घामाघूम होऊन बसलेले, आणि अंगाच्या उबेने खालचं पॉलिश मऊ होत चाललेलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "मी आता डॉक्टरांना विनंती करतो की त्यांनी उभं राहावं."

डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. खुर्चीही उभी राहिली.

बाई परत बसल्या. पुढच्या रांगेतले मदतीला उठले, तेव्हा चर्र, चर्र असा आवाज रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि सगळे होते तिथे गपकन बसले. निवृत्त मुख्याध्यापकांच्या विजारीचा जो भाग खुर्चीवर राहिला तो बघून त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या. "पॉलिशवाला कुठाय?" अध्यक्ष गरजले. मागच्या भिंतीपाशी माझ्या नि ताईच्या शेजारी उभे असलेले दाजी स्पिरिटची बाटली आणि कापसाचा बोळा घेऊन अक्षरशः पळत आले. आमचे दाजी, पळत! मी नि ताई बघतच राहिलो.

दाजींनी डॉक्टरबाईंच्या खुर्चीपाशी उकिडवं बसून कडेकडेने स्पिरिट लावायला सुरुवात केली. बोळा धरलेला हात थरथरत होता. घाम गळत होता. तोंड चालूच होतं. "माफ करा, अगदी आत्ता सोडवतो, वाळायला हवं होतं, मला माहीत होतं, पण थांबवेना हो मला, हात थांबतच नाही." बाईंना हलता येत नव्हतं, व्याख्यान सुरू होण्याची आशा नव्हती, आणि समोर बघायला फक्त दाजी होते. तेव्हा त्या दाजींकडे बघत बसल्या. त्यांचे मोठे झालेले, टक्क उघडे डोळे बघितले. मग गळा बघितला.

"हात पुढे करा," त्या म्हणाल्या. "बोटं पसरा."

"नखांत पॉलिश आहे, बाई."

"असू द्या." त्यांनी आपल्या व्याख्यानाच्या टिपणातला एक कागद दाजींच्या पसरलेल्या बोटांवर ठेवला. कागद पंख्याखाली ठेवल्यासारखा फडफडायला लागला. "आता पाणी प्या. एकेक घोट."

गुन्हेगाराला पाणी देण्याची अध्यक्षांची मुळीच इच्छा नव्हती, पण पाहुण्यांचं मोडवेना. दाजी घोट घ्यायचे आणि बाई त्यांच्या गळ्याकडे डोळे बारीक करून बघायच्या.

"बाई, आधी तुम्हाला सोडवू द्या," दाजी काकुळतीला आले.

"मला कुठे जायचंय?" बाई म्हणाल्या. "तुमच्याबरोबर कोण आलंय?"

ताई पुढे झाली. तिला वाटलं नुकसानभरपाई मागणार. बाईंनी तिला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यायला सांगितलं.

रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, आणि बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून आदल्या दिवशीचं राहिलेलं व्याख्यान दिलं. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, थायरॉइड. ती जो रस करते तो सरळ रक्तात जातो आणि अंगातल्या कणाकणाला सांगतो की काम किती वेगाने करायचं. हृदयाचा ठोका, अंगाची ऊब, पोटातलं पचन, मनाचा उतावळेपणा, सगळ्यांवर तिचा धाक. पण ती स्वतःच्या मर्जीने चालत नाही. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी दुसरी एक ग्रंथी असते, ती हिला हुकूम देते. रक्तात रस कमी पडला की म्हणते वाढव, पुरेसा झाला की स्वतः गप्प बसते.

"तुमच्यात ती वरची केव्हाच गप्प बसली आहे," बाई म्हणाल्या. "पण रोगजंतूंशी लढायला शरीर जे पदार्थ तयार करतं, त्यातलेच काही वाट चुकलेत. ते गळ्यातल्या ग्रंथीला जाऊन चिकटतात आणि तिला वाटतं हा वरचाच हुकूम. ती करतेच आहे, करतेच आहे."

"म्हणजे साहेब रजेवर," ताई म्हणाली, "आणि शिपाई साहेबांच्या आवाजात ओरडतोय."

"अगदी बरोबर."

दाजी इतका वेळ पाय हलवत बसले होते. ते थांबवून त्यांनी विचारलं, "म्हणजे ही घाई माझी नव्हे?"

"नव्हे. आणि ती तुमच्या हृदयाला झेपत नाहीये. ठोके आत्ताच चुकायला लागलेत. असंच चालू राहिलं तर हृदय थकेल, रक्ताची गुठळीही होऊ शकेल. पण घाबरू नका. या गोळ्या नेमाने घ्या, जरा वेळ लागेल, पण तुम्ही अगदी पूर्वीसारखे व्हाल."

बाईंनी ही शेवटची बातमी आनंदाची म्हणून दिली. दाजींचा चेहरा मात्र पडला. मी तो पाहिला, पण मला वाटलं हृदयाचं ऐकून पडला असेल.

बाईंनी ताईला नाडी बघायला शिकवलं, आणि आम्ही गोळ्या घेऊन घरी आलो. "रोजची गोळी मी कामावर घेतो," दाजी म्हणाले, "म्हणजे विसरायला नको." ताईने मानलं. नव्या दाजींवर तिचा विश्वास होता.

आठवडे गेले, पण काही फरक पडेना. बाईंनी पुन्हा रक्त तपासलं, बुचकळ्यात पडल्या, गोळ्या वाढवल्या. दाजी आणखी वाळले. एक दिवस भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मधेच मटकन बसले. ताई वरून धावत आली. त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली तर नाडी एकदा पळत होती, एकदा गायब होत होती, पुन्हा पळत होती. त्या दिवसापासून ताईने वीज आल्याच्या गोष्टी सांगणं बंद केलं. दाजींना मात्र ते कळलं नाही. त्यांना वाटलं, आपण कुठेतरी कमी पडलो. म्हणून त्यांनी टेबल काढलं.

आणि एका दुपारीत संपवलं.

ताई बाहेरून आली तर टेबल स्वयंपाकघरात मधोमध, चकचकीत, दोन खुर्च्यांसकट. दाजी बाजूला उभे, छाती धपापतेय, केस घामाने कपाळाला चिकटलेत. "कसं झालंय?"

ताईने कौतुकाने हात टेकवला. तळवा चिकटला. तो हळूच सोडवून घेत ती म्हणाली, "छान झालंय हो." खोटं बोलायची तिला सवय नाही, त्यामुळे तिचा आवाज जरा विचित्र आला. रात्री दोघं त्या टेबलावर जेवली आणि जेवण झाल्यावर ताट उचलेना. दाजी हात धुवायला गेले तेव्हा ताईने ते उलथन्याने काढलं.

दुसऱ्या दिवशी दाजी कामावर गेल्यावर तिने मला बोलावून घेतलं. "काचकागद घेऊन ये. त्यांना न कळू देता वरचा थर घासून टाकू आणि सुकवू. जीव टाकून केलंय रे त्यांनी." आम्ही भावंडं घासायला बसलो. पॉलिश कागदाला गोळा होऊन येत होतं, दोघांच्याही तोंडाचा पट्टा चालू होता. तेवढ्यात ताईच्या कागदाखालून एका भोकातली पुट्टी निघाली आणि आतून पांढरं, गोल काहीतरी टपकन बाहेर पडलं.

ताईने ते हातावर घेतलं. मी शेजारचं भोक टोकरलं. त्यातही तसंच होतं. एकाखाली एक, नीट दाबून बसवलेलं. थायरॉइडच्या गोळ्या. टेबलाला जितकी भोकं होती तितकी सगळी दाजींनी औषधाने बुजवली होती.

आम्ही असे तोंडं उघडी टाकून बसलेलो असतानाच दाजी दारात उभे राहिले. हल्ली ते कुठूनही लवकर यायचे.

"हे काय आहे?" ताईने तळहात पुढे केला.

"भोकं बुजवायची होती," दाजी भरभर बोलायला लागले. "पुट्टी संपत आली होती, आणि गोळी अगदी मापात बसत होती, आणि फेकवेना, चांगलं औषध आहे, महाग आहे."

"पुट्टी माझ्या दुकानात पडलेली असते, दाजी," मी म्हणालो.

"तू गप्प बस," ताई माझ्याकडे न बघता म्हणाली. "अहो, का?"

दाजी खुर्चीवर बसले. खुर्ची अर्थातच चिकटली, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "डॉक्टर म्हणाल्या, पूर्वीसारखा होईन. पूर्वीसारखा मी तुला कुठे हवा होतो गं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू माझं कौतुक केलंस. संसार आता सुरू झाला म्हणालीस, मी ऐकलं. म्हटलं, टेबल होईस्तोवर थांबू. गोळ्या घेतल्या असत्या तर टेबल पुन्हा राहिलं असतं."

ताईने पदराने डोळे पुसले, हाताचं पॉलिश गालाला लागलं. मला स्वतःची लाज वाटत होती, कारण 'सावकाश' म्हणून हसणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो.

मग तिने आवाज चढवला, तो खालच्या मजल्यावरही ऐकू गेला. "मी बडबडते! माझं तोंडच तसं आहे, ते तुम्हाला मांडवातच कळायला हवं होतं! तुम्ही जिन्यात बसलात त्या दिवशी माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ठाऊक आहे? तुम्ही नसलात तर उशीर झाला म्हणून मी ओरडू कुणावर? या उतावळ्यावर?" उतावळा म्हणजे मी. "मला झटपट नवरा नकोय. मला तुम्ही हवे आहात. कळलं? की उद्या कळणार?"

"कळलं," दाजी म्हणाले.

तिने नव्या पाकिटातली गोळी काढली, पाण्याचा पेला आणला आणि त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दाजींनी गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. मग मी स्पिरिट लावून त्यांना खुर्चीपासून सोडवलं. ताई पुन्हा टेबलाशी बसली. आता ती नुसता वरचा थर काढत नव्हती. संध्याकाळपर्यंत घासून तिने ते टेबल कोरं लाकूड करून टाकलं, भोकांसकट, आणि म्हणाली, "घ्या. पुन्हा सुरू करा."

सुधारणा हळूहळू झाली. आधी पट्टा एका भोकाने सैल झाला. मग हात थांबला. मग एका सकाळी ताईने भाजीचं विचारलं आणि उत्तर आलं नाही. ती ओट्याशी तशीच उभी राहिली. रात्री हात पुसताना दाजी म्हणाले, "बटाटा चालला असता," तेव्हा ही बातमी सांगायला ताईने मला फोन केला. वाचनालयाच्या खुर्च्या दाजींनी परत आणल्या आहेत. अध्यक्ष रोज विचारायला येतात आणि रोज उभ्यानेच परत जातात. टेबलाला पहिला हात दिलाय. दुसऱ्याची काही चिन्हं नाहीत.

काल सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दोघं त्या अर्धवट टेबलाशी समोरासमोर बसली होती. डॉक्टरबाईंनी हृदय आता ठीक आहे म्हणून सांगितलंय, नाडी बघायचीही गरज नाही म्हणाल्यात. तरी दाजींचं मनगट ताईच्या हातात होतं, आणि ती घड्याळाकडे बघत ओठ हलवत होती. चहा निवत चालला होता. मी खाकरलो, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"झालं का गं?" बऱ्याच वेळाने दाजींनी विचारलं. "कामावर जायचंय."

"थांबा की जरा," ताई म्हणाली. "मोजायला चुकले. पुन्हा पहिल्यापासून मोजते."